दुबार तबकडी

काटेसाहेबांनी बायकोची चेष्टा आयुष्यभर केली आणि तिनेही त्यांची केली. त्यात कुणाचं काही बिघडलं नाही. पण त्यातली एक चेष्टा त्यांच्या मानगुटीवर बसली, आणि ती बसली तेव्हा बायकोला जाऊन अकरा महिने झाले होते.

काटेसाहेब हे त्यांचं नाव नव्हे. वजनमापं तपासणाऱ्या खात्यात ते चौतीस वर्षं निरीक्षक होते. गोदामातले अजस्र काटे, सोनारांचे श्वासानेही हलणारे तराजू, औषधवाल्यांकडची नखाएवढी वजनं, सगळं त्यांच्या हाताखालून जायचं. बरोबर निघालं तर शिक्का मारायचा. चूक निघालं तर आधीचा शिक्का छिन्नीने खोडायचा आणि शेजारी साक्षीदाराची सही घ्यायची. त्यामुळे माणसांच्या बोलण्यावर त्यांचा फारसा भरवसा नसे. धातूवर कोरलेल्या आकड्यावर मात्र पूर्ण भरवसा.

हाच स्वभाव त्यांनी छंदातही आणला. छंद जॅझच्या जुन्या रेकॉर्ड जमवण्याचा. त्यातही लाखेच्या जाड, जड, पडली की फुटणाऱ्या तबकड्यांचा, आणि त्यातही बाजारात कधीच न आलेल्या गाण्यांचा. त्या काळी कंपनी एखादं गाणं विकायला काढण्याआधी दोन-चार नमुना तबकड्या काढायची. वरच्या साहेबांनी त्या ऐकायच्या आणि हो किंवा नाही म्हणायचं. नाही म्हटलं की गाणं मेलं. त्या नमुना तबकड्या मात्र कुठे कुठे उरायच्या. एखाद्या वादकाच्या ट्रंकेत, एखाद्या बंद पडलेल्या हॉटेलच्या माळ्यावर. त्यांच्यावर नाव नसतं, चित्र नसतं. मधे कोरा पांढरा कागद आणि त्याच्या कडेच्या गुळगुळीत कड्यात सुईने खरवडलेला एक आकडा. तो आकडा भिंगाखाली वाचता आला की काटेसाहेबांना जेवणाची शुद्ध राहायची नाही.

बायको टेलिफोन खात्यात ऑपरेटर होती. एकोणतीस वर्षं तिने कानाला हेडफोन लावून परक्या माणसांना परक्या माणसांशी जोडून दिलं. घरीही फोन आला की म्हणायची, "बोला, ऐकते आहे." तिचा कान भलताच होता. बोलणारा माणूस खोलीत कुठे उभा आहे हे तिला फोनवरून कळायचं. लेक कॉलेजात असताना एकदा म्हणाली, "आई, मी लायब्ररीत आहे." ही म्हणाली, "लायब्ररीत जिना कधी बांधला? आणि तुझ्यामागे दोन पायऱ्या वर कोण उभा आहे, तो पुढे जावई झाला तर चालेल, पण आधी घरी आण." तो पुढे जावई झाला.

काटेसाहेबांचं अक्षर म्हणजे कोंबडीचे पाय. म्हणून प्रत्येक तबकडीचं कार्ड बायको लिहायची. हे सांगायचे, ती लिहायची. ऑफिसातली एक सवय तिच्या हातात राहिली होती. लाइनवर नंबर नीट ऐकू आला नाही, किंवा समोरचा चुकतोय अशी शंका आली, की ती चिठ्ठीवर आकड्यापुढे एक बारीक प्रश्नचिन्ह करायची. हुज्जत घालायची नाही. खूण करायची आणि पुढचा फोन घ्यायचा.

चारशे सतरा नंबरचं गाणं त्यांना बावीस वर्षांपूर्वी सापडलं. नदीकाठच्या एका हॉटेलात वाजवणारा सात जणांचा बँड, त्यांचं कधीच बाहेर न आलेलं गाणं. कड्यात खरवडलेलं ४१७ आणि पुढे २, म्हणजे चारशे सतरावं गाणं, दुसरा प्रयत्न. नाव कुणालाच माहीत नव्हतं. एवढं सुंदर गाणं साहेबलोकांनी का नाकारलं हेही कुणाला माहीत नव्हतं. ट्रम्पेटवाला मधे मधे थांबायचा, जणू कुणाची वाट बघतोय, आणि मग पुढे जायचा. ते थांबणं ऐकायला काटेसाहेब ती तबकडी वर्षातून दोनदाच लावायचे, झिजू नये म्हणून.

दहा वर्षांनी त्यांना कुणाच्या तरी अडगळीतल्या खोक्यात तीच तबकडी पुन्हा मिळाली. घरी आणली, भिंगाखाली धरली. ४१७, २. पुढे एक टोचा पडल्यासारखा ठिपका होता, बाकी काही फरक नाही. बायको टेबलाशी मटार सोलत बसली होती. त्यांनी आधी जुनी लावली, मग नवी.

"अहो," ती म्हणाली, "ह्या दोन एक नाहीत."

"आकडा बघ."

"आकडा डोळ्यांना दिसतो. मी कानाचं बोलते आहे. पहिलीत पियानो अगदी कुशीत बसलाय. हिच्यात तो लांब गेला. आणि ड्रमवाला दारात बसलाय."

"दारात?"

"दार उघडं आहे. त्याचा अर्धा आवाज बाहेर जातोय. आणि मधे कुणीतरी उभं आहे."

"ते काय वाजवतंय?"

"काही नाही. नुसतं उभं आहे."

काटेसाहेब इतके हसले की त्यांना चष्मा काढून डोळे पुसावे लागले. "न वाजवणारा माणूस ऐकू येतो तुला! अगं, कान वाजताहेत तुझे. निवृत्त झालीस तरी हेडफोन उतरला नाही डोक्यावरून."

"लाइनवर गप्प उभी असलेली माणसंच जास्त ऐकू येतात," ती म्हणाली आणि पुन्हा मटाराला लागली. "काय लिहू कार्डावर?"

"लिही, दुबार."

तिने लिहिलं.

गोष्ट इथे संपली असती तर बरं होतं. पण काटेसाहेबांना तो विनोद फार आवडला. रेकॉर्ड जमवणाऱ्या मंडळींची महिन्याला बैठक व्हायची, तिथे त्यांनी तो सांगितला. मग पुढच्या वेळी नव्या माणसाला सांगितला. घरी पाहुणा आला की सांगितला, तिच्यासमोर. "आमच्याकडे जपून बसा हं, न बोलणारेसुद्धा ऐकू जातात." लोक हसायचे. तीही हसायची, ट्रे घेऊन आत जायची. अकरा वर्षं हा विनोद चालला. दुबार तबकडी मात्र घरात वर्षभरही राहिली नाही. बैठकीतल्या एका दातांच्या डॉक्टरांकडे क्लॅरिनेटची एक दुर्मीळ तबकडी होती, तिच्या बदल्यात काटेसाहेबांनी ही देऊन टाकली. दोन ठेवून करायचंय काय?

मग तीन आठवड्यांच्या आजारपणात बायको गेली. काटेसाहेबांनी बैठकीला जाणं सोडलं. फोन वाजला तर वाजू द्यायचे. उचलून काय म्हणायचं हे त्यांना सुचायचं नाही, कारण ते वाक्य तिचं होतं.

अकराव्या महिन्यात एका दुपारी फोन वाजला, थांबला, वाजला, थांबला, आणि तिसऱ्यांदा वाजला तेव्हा त्यांनी कंटाळून उचलला.

"पत्रं पाठवणारे ते तुम्हीच का?" बाईचा आवाज. "आमच्या सासऱ्यांना?"

काटेसाहेबांना आधी लक्षात येईना. मग आलं. रेकॉर्ड कंपनीत मेणाच्या जाड चकतीवर आवाज कोरण्याचं काम करणारा एक माणूस अजून जिवंत आहे असं त्यांच्या कानावर आलं होतं. चारशे सतराबद्दल विचारायला त्यांनी त्याला वर्षानुवर्षं पत्रं लिहिली होती. म्हणजे सांगितली होती. लिहिली बायकोने.

"अकरा पत्रं आहेत," बाई म्हणाली. "बाबा म्हणायचे, उत्तर द्यायचं नाही, जुनं उकरायचं नाही. काल म्हणाले, त्या बाईला बोलाव, अक्षर फार छान आहे. मी म्हटलं, सही पुरुषाची आहे. तर म्हणाले, मग त्याला बोलाव. लवकर या. ब्याण्णव चालू आहे त्यांना."

काटेसाहेब दुसऱ्याच दिवशी गेले. तबकडी टॉवेलात गुंडाळून मांडीवर धरून. म्हातारबुवा खिडकीशी बसले होते. डोळे जवळजवळ गेलेले, पण बोटं शाबूत. त्यांनी तबकडी हातात घेतली, कड्यावरून अंगठ्याचं नख फिरवलं आणि काटेसाहेब काही बोलायच्या आत म्हणाले, "ही मोठ्या मशीनची. ठिपक्यावाली कुठाय?"

"ठिपक्यावाली?"

"राखीव मशीनची. दोन मशीनं एकदम चालायची बाबा. मेणाला तडा गेला, सुई उडाली, तर सात माणसांची मेहनत मातीत. म्हणून शेजारी दुसरं मशीन. आकडा तोच घालायचा आणि पुढे एक टोचा मारायचा, की ही राखीवची."

चौतीस वर्षं काटेसाहेबांनी शिक्क्याशेजारची बारीकशी खूणसुद्धा सोडली नव्हती. आणि हा टोचा त्यांनी स्वतःच्या भिंगातून बघितला होता, खरचटलंय म्हणून सोडून दिला होता.

"पण काका, दोन्ही मशीनांना आवाज एकच ना? मायक्रोफोन एकच."

"नेहमी एकच." म्हाताऱ्याच्या चेहऱ्यावर चोरून काही खाल्लेल्या मुलासारखं हसू आलं. "त्या दिवशी जोडणीची तार तुटली होती. साहेबाला सांगितलं असतं तर दिवस रद्द. मी गुपचूप राखीव मशीनला वेगळा मायक्रोफोन लावला, खोलीच्या पार दुसऱ्या टोकाला. एक पियानोजवळ, एक लांब. सत्तर वर्षं झाली. आज पहिल्यांदा सांगतोय."

आतून सूनबाई म्हणाली, "मला तर परवाच सांगितलंत."

"तू घरची."

काटेसाहेबांनी हातातला कप खाली ठेवला. "काका, ड्रमवाला कुठे बसला होता?"

"दारात! अरे, त्याचा दणका असा की सुई मेणावर नाचायची. शेवटी दार उघडलं आणि उंबऱ्यावर बसवला, अर्धा आत, अर्धा बाहेर."

काटेसाहेबांनी विचारलं, "आणि मधे? मधे कोण उभं होतं?"

"मधे कुणी नाही."

"नीट आठवा काका."

"आठवायचंय काय? मधली जागा गाणारीची. सकाळी निरोप आला, तिचा घसा बसलाय, शब्द फुटत नाही, येणार नाही. ट्रम्पेटवाला त्यांचा मास्तर. तो म्हणाला, तिची जागा सोडून वाजवू, शब्द नंतर कधी घालू. ते नंतर कधी आलंच नाही. साहेबांनी ऐकलं आणि म्हणाले, गाण्याच्या मधे भोक आहे. नापसंत."

"ती नव्हती हे तुम्ही पाहिलंत?"

"मी कुठून पाहणार? मी शेजारच्या कोठडीत, दोन मशीनांच्या मधे, मेणाचा भुगा पुसत. मधे सरळ भिंत होती. मला काय कळायचं ते तारेतून."

परत येताना काटेसाहेबांना खिडकीबाहेरचं काही दिसलं नाही. पियानो बरोबर होता. दार बरोबर होतं. मधलं माणूस मात्र तिथे असलेल्या एकमेव जिवंत साक्षीदाराने नाकारलं होतं. दुसरा कुणी असता तर म्हणाला असता, तीनातली दोन बरोबर आली, पुष्कळ झालं. पण निरीक्षकाच्या हिशेबात तीनातली दोन वजनं बरोबर म्हणजे तराजू नापास. आणि बायकोला ते ज्यावरून अकरा वर्षं चारचौघांत हसले होते, ते तिसरंच होतं. तिच्यावर त्यांनी न तपासता शिक्का मारला होता. तपासायचा उपाय एकच. दोन्ही तबकड्या एकाच वेळी, एक एका बाजूने, एक दुसऱ्या बाजूने, आणि कान मधे.

दातांच्या डॉक्टरांचा दवाखाना खाली आणि घर वर. मोठा संग्रह, मोठा विक्षिप्तपणा. त्यांचा नियम होता की घरात आलेली तबकडी उंबरा ओलांडून परत जात नाही.

"परत हवी?" डॉक्टर म्हणाले. "काटेसाहेब, काढलेला दात परत बसवत नाहीत."

"परत नको. ऐकायची आहे."

"ऐका की. आत्ता लावतो."

"माझ्या तबकडीबरोबर. दोन्ही एकदम."

डॉक्टरांनी त्यांच्याकडे, सवयीने, आधी जबड्याकडे आणि मग डोळ्यांकडे पाहिलं. "वर्षभरात बैठकीला फिरकला नाहीत. आलात तर हे. तब्येत बरी आहे ना?"

काटेसाहेबांनी म्हाताऱ्याचं सगळं सांगितलं. ठिपका, दुसरा मायक्रोफोन, दार. डॉक्टर ऐकता ऐकता पुढे सरकून बसले. तो विनोद त्यांनीही कितीतरी वेळा ऐकला होता आणि दरवेळी मोठ्याने हसले होते.

"म्हणजे वहिनी..." ते म्हणाले.

"ते अजून ठरलेलं नाही."

"रविवारी सकाळी या. तुमचा प्लेयर घेऊन या, माझ्याकडे चालणारा एकच आहे. आणि तबकडी नीट आणा. आपटलीत तर मी इथेच तुमचा दात काढीन, भूल न देता."

रविवारी सकाळी दोघांनी मिळून डॉक्टरांच्या बैठकीच्या खोलीतलं सगळं सामान भिंतीला लावलं. मधे टेबल, टेबलावर शेजारी शेजारी दोन प्लेयर. डाव्या कोपऱ्यात काटेसाहेबांच्या प्लेयरचा स्पीकर, उजव्या कोपऱ्यात डॉक्टरांचा. सुरुवात जुळावी म्हणून प्लेयरच्या फिरत्या थाळ्यांवर खडूच्या खुणा केल्या. डॉक्टरांनी आपली तबकडी जाड पाकिटातून काढली. पाकिटाबरोबर कार्ड बाहेर आलं आणि टेबलावर पडलं. काटेसाहेबांनी ते बघितलं नाही. त्यांचं लक्ष ठिपक्यावर होतं.

"एक, दोन, तीन, सोडा," डॉक्टर म्हणाले.

पहिल्या वेळी दोन बँड एकमेकांच्या अंगावर धावून आले. डॉक्टरांनी कानांवर हात ठेवले. "माझ्या खुर्चीतला पेशंट ह्यापेक्षा सुरात ओरडतो."

दुसऱ्या वेळी बरं जमलं. एक तबकडी पुढे, दुसरी तिच्या पाठीला पाठ लावून, जिन्यात बोलल्यावर आवाज परत येतो तशी. पण अंतर वाढत गेलं आणि अर्ध्या मिनिटात पुन्हा भांडण.

"गती एक नाही," काटेसाहेब म्हणाले. "तुमचा मागे पडतो."

"माझा बरोबर आहे. तुमचा पळतो."

"तेच म्हणतोय. पळणाऱ्याला धरता येतं."

तिसऱ्या वेळी सुया टेकवल्यावर ते दोन्ही प्लेयरांच्या मधे उभे राहिले आणि डाव्या थाळीच्या कडेला त्यांनी तर्जनीचं टोक लावलं. टेकवलं असंही नाही. सोनाराच्या तराजूचं पारडं थांबवायला जेवढं लागतं तेवढंच. आत घेतलेला श्वास त्यांनी तसाच धरला. जिन्यातला तो घुमणारा आवाज जवळ येऊ लागला. पुढचा ट्रम्पेट आणि मागचा ट्रम्पेट यांच्यात हातभर अंतर राहिलं, मग बोटभर. मग नुसती एक करकर. काटेसाहेबांनी बोट अजून हलकं केलं.

आणि समोरची भिंत गेली.

हे असंच सांगावं लागेल, कारण काटेसाहेबांना नंतरही याहून बरं सांगता आलं नाही. भिंतीला लावलेलं सोफा-टेबल तिथेच होतं, ते डोळ्यांना दिसतही होतं. पण आवाजाला ती भिंत राहिली नाही. तिच्या जागी एक खोली उभी राहिली, सत्तर वर्षांपूर्वीची, लांबी-रुंदी-उंची असलेली. डावीकडे हाताच्या अंतरावर पियानो, त्याच्या खाली पायाने दाबायच्या पट्टीचा टकटक आवाजसुद्धा. त्याच्या पलीकडे क्लॅरिनेट, बसलेला. ट्रम्पेट उभा, थोडा मागे. उजवीकडे लांब कोपऱ्यात ड्रम, आणि त्या ड्रमचा अर्धा आवाज खोलीत आणि अर्धा बाहेर कुठल्यातरी लांब कॉरिडॉरमध्ये चाललेला. दार होतं. उघडं होतं. काटेसाहेबांना वाटलं, मान वळवली तर उंबऱ्यावर बसलेल्या माणसाच्या चपला दिसतील.

डॉक्टर उभे होते ते खाली बसले. खुर्ची नव्हती, जमिनीवरच.

ट्रम्पेटवाला ओळीच्या शेवटी आला आणि थांबला, बावीस वर्षं थांबत आला तसा. ह्या थांबण्यात आजवर काटेसाहेबांना फक्त सुईची खरखर ऐकू आली होती.

आता तिथे कुणीतरी श्वास घेतला.

अगदी मधे. ना डावीकडे, ना उजवीकडे. गाणारे घेतात तसा, पोटातून, ओळ सुरू करायच्या तयारीने. आणि ओळ आलीच नाही. त्याऐवजी बँड हळू झाला, तिच्यासाठी जागा धरून. जेवढ्या वेळात एक ओळ गाऊन झाली असती तेवढा वेळ गेला, आणि मग पुन्हा श्वास. दुसरी ओळ. पुन्हा. तिला आवाज नव्हता, पण ती आली होती. उघड्या दारातून, ड्रमवाल्याला ओलांडून, सुरुवात झाल्यावर किंवा आधी, कुणास ठाऊक, ती आपल्या जागेवर येऊन उभी राहिली होती आणि अख्खं गाणं तिने श्वासाश्वासाने म्हटलं होतं. सहा माणसं तिच्याकडे बघून वाजवत होती. सातवा दारातून. भिंतीपलीकडच्या पोराला यातलं काहीच माहीत नव्हतं, आणि त्याने ते सगळं मेणावर कोरून ठेवलं होतं.

काटेसाहेबांनी बोट हलवलं नाही. डोळ्यांतून पाणी गालावर, गालावरून शर्टावर गेलं तरी पुसायला हात उचलला नाही. हात उचलला असता तर ती गेली असती.

शेवटचा सूर संपला. पियानोच्या तारा हळूहळू शांत झाल्या. त्या शांततेत, तबकडी संपायच्या आधी, मधल्या माणसाने श्वास सोडला. मग दोन्ही सुया मधल्या कोऱ्या कड्यात गेल्या आणि खरखरत राहिल्या.

बराच वेळ कुणी त्या उचलल्या नाहीत.

"डॉक्टर," काटेसाहेब शेवटी म्हणाले. "मला साक्षीदार हवा. मी काही सुचवत नाही. तुम्ही काय ऐकलंत ते सांगा."

डॉक्टर जमिनीवरूनच म्हणाले, "कुणीतरी उभं होतं."

"काय वाजवत होतं?"

"काही नाही हो. नुसतं उभं होतं."

"कुठे?"

डॉक्टरांनी हात वर केला आणि काटेसाहेबांकडे बोट दाखवलं. "तुम्ही उभे आहात तिथे."

काटेसाहेबांनी मग सुया उचलल्या. हात पुसले, चष्मा पुसला, आणि टेबलावर पडलेलं कार्ड घेतलं. बायकोचं गोल, सरळ अक्षर. गाण्याचा नंबर, प्रयत्न, बँड, कुठे मिळाली. सगळं त्यांनी सांगितलेलं. सगळ्यात खाली त्यांनी सांगितलेला शेवटचा शब्द, दुबार. आणि त्या शब्दापुढे, नीट निरखल्याशिवाय दिसणार नाही एवढं, प्रश्नचिन्ह.

"हे कधीपासून आहे?" त्यांनी विचारलं.

"आली तेव्हापासून. मला वाटलं, तुम्हीच साशंक होता म्हणून मला खपवलीत."

"मी साशंक नव्हतो," काटेसाहेब म्हणाले. "पेन द्या."

त्यांनी दुबार हा शब्द खोडला. छिन्नीने शिक्का खोडावा तसा, एका रेघेत, खालचं वाचता येईल असा. प्रश्नचिन्ह तसंच ठेवलं. पुढे आपल्या कोंबडीच्या पायांनी लिहिलं, 'तपासली. वेगळी आहे. मधे गाणारी उभी आहे.' तारीख घातली, सही केली आणि कार्ड डॉक्टरांपुढे धरलं.

डॉक्टरांनी डोळे बारीक करून वाचलं. "हे कुणाला वाचता येणार आहे?"

"ज्याला यायला हवं त्याला येत होतं. तुम्ही सही करा."

डॉक्टरांनी साक्षीदार म्हणून सही केली. मग ते गुडघ्यांवर हात देऊन उठले आणि थोडं अवघडून म्हणाले, "काटेसाहेब, माझा तो नियम आहे ना, तो राहू दे बाजूला. घेऊन जा दोन्ही."

"नको. माझी इथे ठेवतो. ह्यांना पुन्हा वेगळं करायचं नाही. मी येत जाईन." त्यांनी टॉवेलची घडी केली. "तुमचा फोन कुठे आहे? म्हाताऱ्याला कळवायला हवं. त्यांची गाणारी आली होती."

डॉक्टरांनी कोपऱ्याकडे हात केला. काटेसाहेबांनी नंबर फिरवला. पलीकडे सूनबाईने फोन उचलून बाबांच्या कानाशी धरल्याचं त्यांना कळलं, कारण आधी घरातला आवाज आला, मग खिडकी, मग एका म्हाताऱ्या माणसाचा न बोलता घेतलेला श्वास.

आणि काटेसाहेबांच्याही तोंडून बायकोचं तेच वाक्य आलं.

"बोला काका. ऐकतो आहे."